खुर्चीमागे उभं राहून नाम कसं घ्यावं

नातेपुत्यात माझं केशकर्तनालय आहे, २६ वर्षं झाली. गळ्यात तुळशीची माळ आहे. शिकायला पोरं येतात, त्यांचा हात सहा महिन्यांत बसतो. लोक काय म्हणतील, हे डोक्यातून जायला मात्र वर्षं लागतात. त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय.

आधी धंद्याचं नाव सरळ घ्यायला शिका. थोरलीसाठी स्थळं बघताना मध्यस्थ म्हणाले, "बायोडेटात 'बिझनेस' लिहा, कटिंगचं दुकान नको." त्या रात्री झोप आली नाही. सकाळी मी 'केशकर्तनालय, स्वतःचं दुकान' असंच लिहिलं. दोन स्थळं गेली. तिसरी मंडळी दुकानातच येऊन बसली, चहा घेतला, आणि तिथंच जमलं. बापाचा धंदा लपवून पोरगी दिली असती, तर तिला त्या घरात कायम मान खाली घालून राहावं लागलं असतं.

सेना महाराजांचा अभंग पाठ करा. 'आम्ही वारिक वारिक, करू हजामत बारीक.' वारिक म्हणजे न्हावी. पुढं ते विवेकाचा आरसा दाखवतात, वैराग्याचा चिमटा हलवतात, अहंकाराची शेंडी पिळतात. परमार्थ सांगायला त्यांना आपल्या धोकटीबाहेरचं काही लागलं नाही. मला कुणी हिणवलं की मी हा अभंग मनात म्हणतो. उत्तर देत बसत नाही, कारण हातात वस्तरा असतो आणि समोर कुणाचा तरी गळा असतो.

नाम मोठ्यानं घ्यायची गरज नाही. गिऱ्हाइकाला राजकारण बोलायचं असतं, बोलू द्या. नवं ब्लेड अर्धं मोडून वस्तऱ्यात घालताना मनात एकदा 'रामकृष्णहरी' म्हणा. दिवसाला ३० गिऱ्हाइकं झाली तर ३० वेळा होतं. सवय लागली की ब्लेड बदलायचंही कधी चुकत नाही.

आषाढी वारीत माउलींची पालखी आमच्या गावी मुक्कामाला असते. "माळ घातलीस आणि पायी पंढरीला जात नाहीस, कसला वारकरी?" असं मला आमच्याच माळकऱ्यांनी ऐकवलंय. फार लागलं होतं ते. तेव्हापासून त्या दिवशी खुर्ची रस्त्यावर मांडतो आणि वारकऱ्यांची दाढी फुकट करतो. तुम्हीही करून बघा, पण घाई करू नका. आळंदीपासून उन्हापावसात चालत आलेल्या म्हाताऱ्या माणसाचा गाल सैल आणि रापलेला असतो. आधी कोमट पाण्याचं फडकं ठेवा. साबण ब्रशनं गोल फिरवून लावा आणि थोडा मुरू द्या. कानाखाली दोन बोटांनी कातडी ताणा, मग वस्तरा केसांच्या कलानं खाली आणा. हनुवटीखाली केस आडवे असतात, तिथं आधी बोट फिरवून बघा. उलटा हात मारू नका. शेवटी तुरटी.

गेल्या वारीत एक आजोबा दाढी झाल्यावर उठले आणि मी हात पुसतोय तोवर माझ्या पायाशी वाकले. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, तरी माझ्या अंगावर काटा आला. मी तसाच साबणाच्या हातांनी त्यांच्या पाया पडलो. "माउली," ते म्हणाले, "हलकं वाटलं बघा." मागं दहाबारा जण थांबले होते. मी नवं ब्लेड काढलं.