गड्ड्याच्या व्हिडिओवर हलगी बसवताना

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजांचा व्हिडिओ मोबाईलवर घेतला आणि घरी त्यावर हलगीचा ट्रॅक करायला बसलो. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज चालू, चित्र मात्र काळं. असं झालं की आधी तीच फाईल व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावून बघा. तिथे नीट दिसली तर फाईल धड आहे, अडचण बहुधा कोडेकची, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीची. बरेच नवे मोबाईल एच.२६५ या कोडेकमध्ये रेकॉर्ड करतात. सगळ्या सॉफ्टवेअरना ते झेपत नाही.

खरा घोळ वेगळाच. मोबाईलचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, वर-खाली होत राहतो, आणि त्यामुळे चित्र-आवाजाचा मेळ हळूहळू सुटतो. माझ्याकडे सुरुवातीला सगळं जुळायचं, पण आठव्या मिनिटाला हलगीवर टिपरू पडलेलं आधी दिसायचं आणि ठोका मागून यायचा. जीव तुटायचा हो!

व्हिडिओ बदलून घ्यायला हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते घ्या. एच.२६४ निवडा, फ्रेम रेट मोबाईलचा तोच ठेवा, बहुधा ३०, पण ‘कॉन्स्टंट’वर (रेट एकसारखा) टिक हवीच. आवाजाचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ, संगीताच्या सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्टही ४८.

तरी चित्र अडखळलं तर कमी रिझोल्युशनची, ७२०ची हलकी प्रत काढून तिच्यावर काम करा. तयार ट्रॅक मात्र हँडब्रेकने काढलेल्या १०८०च्या कॉन्स्टंट प्रतीलाच जोडा, मोबाईलच्या मूळ फाईलला नाही. नाहीतर ठोका पुन्हा सरकेल.