डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुड्यांचा ताफा कसा जोखावा

एखाद्या देशाकडे किती पाणबुड्या आहेत, एवढ्यावरून त्याच्या ताफ्याविषयी मत बनवू नये. आधी बॅटरीची चौकशी करावी. डिझेल इंजिनाला हवा लागते, त्यामुळे खोल पाण्यात ही पाणबुडी बॅटरीवरच चालते. आणि लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने, ४ नॉटच्या चालीला काही दिवस पुरणारी बॅटरी २० नॉटला तास-दोन तासांत संपते. म्हणून माहितीपत्रकातला कमाल वेग आणि कमाल पल्ला एका दमात वाचू नये. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत.

त्यानंतर स्नॉर्केल किती वेळ वर ठेवावे लागते ते पाहावे, कारण माझ्या मते खरी परीक्षा इथेच होते. बॅटरी भरण्यासाठी पाणबुडी पृष्ठभागाजवळ येऊन हवेची नळी बाहेर काढते. नळीच्या तोंडावर लाट आली की झडप मिटते, इंजिन आतलीच हवा ओढू लागते आणि खलाशांच्या कानांत दडे बसतात. तेवढ्या काळात इंजिनाचा आवाज पाण्यातून दूरवर जातो आणि नळीचे टोक रडारवरही दिसू शकते. ही वेळ टाळण्यासाठी स्वीडनच्या ‘गॉटलंड’ या पाणबुडीत साठवलेल्या द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारे स्टर्लिंग इंजिन बसवलेले आहे, तिच्याविरुद्ध सराव करण्यासाठी अमेरिकी नौदलाने २००५ ते २००७ या काळात ती सॅन दिएगोला ठेवून घेतली होती. मात्र जपानने २०२० मध्ये ताफ्यात आणलेल्या ‘ओर्यू’त स्टर्लिंग इंजिने वगळून लिथियम-आयन बॅटऱ्या घातल्या. तेव्हा ‘एआयपी, म्हणजे बाहेरच्या हवेविना चालणारी स्टर्लिंगसारखी यंत्रणा, आहे का?’ एवढे विचारून भागत नाही.

संख्येकडे आता वळावे, पण तिला तीनाने भागून: ढोबळ हिशेबाने एक पाणबुडी गस्तीवर असते, एक प्रशिक्षणात किंवा तयारीत आणि एक गोदीत. तळापासून गस्तीचे क्षेत्र लांब असेल, तर जाण्यायेण्यातच बरेच दिवस जातात. सामुद्रधुनीच्या तोंडाशी दबा धरणे, सुरुंग पेरणे, टेहळणी करणे, कमांडो उतरवणे ही या पाणबुड्यांची कामे. वेगवान युद्धनौकांच्या ताफ्याबरोबर दिवसेंदिवस धावणे हे त्यांचे काम नव्हे, आणि त्यासाठी त्यांना कमी लेखणे अन्यायाचे आहे.

शेवटी शस्त्रांकडे पाहावे. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाच्या ‘सान लुईस’ या एकट्या पाणबुडीच्या धास्तीने ब्रिटिश नौदलाने कित्येक संशयित आवाजांवर पाणबुडीविरोधी शस्त्रे खर्च केली, आणि पाणबुडी सुखरूप परतली. परंतु टॉर्पेडोचा नेम साधून देणारा तिचा अग्निनियंत्रण संगणक नादुरुस्त होता आणि तिच्या एकाही टॉर्पेडोने ब्रिटिश जहाज बुडवले नाही. म्हणूनच ताफ्याने प्रत्यक्ष टॉर्पेडो डागून शेवटचा सराव केव्हा केला, ही तारीख मी पाणबुड्यांच्या संख्येआधी शोधतो.