कोलोनोस्कोपीच्या तयारीत या चुका टाळा

माझ्या सासऱ्यांची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून होणारी तपासणी, पहिल्या खेपेस अर्धवट सोडावी लागली आणि त्याला निमित्त झाला एक पेरू. तपासणीच्या दोन दिवस आधी त्यांनी तो तिखटमीठ लावून खाल्ला होता. पुढे आतडे धुऊन निघाले, बिया मात्र तिथेच राहिल्या. दुर्बिणीतून पाणी आणि मळ ओढून घेणारी वाट जेमतेम साडेतीन-चार मिलिमीटर रुंद असते. तिच्यात बिया अडकू लागल्या तेव्हा डॉक्टरांनी काम थांबवले आणि सगळे सोपस्कार दहा दिवसांनी नव्याने करावे लागले. मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते आणि त्याच्या घड्यांत शोधायचे असतात ते पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेले कोंब, कधीकधी अवघ्या काही मिलिमीटरचे असतात. वर मळाचा पातळ थर जरी राहिला तरी ते नजरेतून सुटतात.

सर्वांत मोठा घोटाळा 'उपाशी' या शब्दाने होतो. 'उपाशीपोटी या' असे सांगितले की आपल्याकडे उपवास असा अर्थ लावला जातो आणि आदल्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची वडी असा बेत होतो. शेंगदाण्याचे कण आणि राजगिऱ्याचे दाणे या तपासणीला पेरूच्या बियांइतकेच नडतात. दोन-तीन दिवस हवा असतो तो चोथा न उरणारा आहार: पांढरा भात, मुगाचे पातळ वरण, ताक, साधा पांढरा ब्रेड. एरवी पोटासाठी चांगली म्हणून आग्रहाने वाढली जाणारी भाकरी, पालेभाजी, उसळ आणि कोशिंबीर नेमकी या दिवसांत वर्ज्य असते. 'पोट साफ व्हावे म्हणूनच तर घेतो' असे म्हणून इसबगोल चालू ठेवणारेही पुष्कळ आहेत, पण इसबगोल हा मुळात चोथाच आहे. आदल्या दिवशी बहुधा फक्त पारदर्शक पेये चालतात, म्हणजे शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत आणि बिटाचा रस मात्र टाळावा, कारण त्यांचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

पोट धुण्यासाठी बहुतेक ठिकाणी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. हे औषध अंगात जवळजवळ शोषले जात नाही. ते पाणी आतड्यातच धरून ठेवते आणि त्या पाण्याबरोबर मळ वाहून जातो. म्हणून दोन लिटरची पावडर एका लिटरमध्ये कालवून 'उरकून टाकणे' ही चूक ठरते. घटाघट पिऊन उलटी करून घेणे ही दुसरी. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला, थंड करून, नळीने प्यायल्यास ते बरेच सुसह्य होते. मळमळ वाढली तर अर्धा तास थांबावे. तिसरी चूक अधिक फसवी आहे. हे औषध दोन भागांत, रात्री आणि पहाटे, घ्यायला सांगितलेले असते. रात्रीच्या भागाने पोट मोकळे झाले की पहाटेचा भाग कशाला, असे वाटते; पण रात्रभरात लहान आतड्यातून पित्त आणि स्राव उतरून मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला चिकटतात आणि ते पहाटेच्या भागानेच धुतले जातात. शौचाला लघवीसारखे पिवळसर, स्वच्छ पाणी होऊ लागले म्हणजे तयारी झाली. ते गढूळ किंवा तपकिरी असेल, तर न लाजता दवाखान्यात फोन करावा.

औषधांबाबत रुग्ण दोन टोके गाठतात: काही जण सगळी औषधे आपल्या मनाने बंद करतात, तर काही जण कोणतेच औषध सांगत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी न विचारता थांबवली तर हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळी, धोक्यात येऊ शकते, आणि ती चालू आहे हे दडवले तर पॉलिप काढताना रक्तस्राव होऊ शकतो. मधुमेहींनी इन्सुलिनची मात्रा, तर मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या रुग्णांनी पोट धुण्याचे औषध कोणते घ्यावे, हे आधीच विचारावे. लोहाच्या गोळ्या साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवायला सांगतात, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो.

या सगळ्याआधी होणारी चूक म्हणजे तपासणीलाच न जाणे. शौचातून रक्त दिसले की 'मूळव्याधच असणार' असे घरात ठरते आणि मलम सुरू होते. मूळव्याध असतेही, पण ती असणाऱ्याला आतड्याचा कर्करोग होत नाही असे थोडेच आहे? चाळिशी-पंचेचाळिशीनंतर रक्त जाणे, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, कारण नसताना वजन घटणे किंवा रक्तातील लोह कमी होणे, यांपैकी काहीही असेल तर मलमावर वर्ष काढू नये. पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुधा अनेक वर्षे लागतात, आणि तेवढ्या अवधीत तो दुर्बिणीतूनच काढून टाकता येतो.

गुंगीचे इंजेक्शन दिले असल्यास त्या दिवशी गाडी चालवू नये, सोबत माणूस असावा. तपासणीच्या वेळी पोटात भरलेली हवा चालण्याने निघून जाते. पोटात तीव्र दुखणे, ताप किंवा बरेच रक्त जाणे, हे दिसले तर मात्र लगेच रुग्णालय गाठावे. तुकडा काढून तपासायला पाठवला असेल, तर त्याचा अहवाल काही दिवसांनी येतो. 'दुर्बिणीत सगळे ठीक होते' म्हणून तो आणायला पुष्कळांच्या घरातून कोणी जातच नाही, आणि पुढची तपासणी तीन वर्षांनी करायची की दहा, हे तर त्याच कागदावरून ठरायचे असते.