सुट्टीचं पत्र, धरणाचा व्हिडिओ, लग्नाची पत्रिका: मुलांच्या हाती फोन देताना या चुका टाळा

पावसाळ्यात रात्री शाळेच्या ग्रुपवर जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र येऊन पडतं: उद्या सर्व शाळांना सुट्टी. सही खरी, शिक्का खरा, म्हणून मुलं ते पटापट पुढे पाठवतात. पण असं पत्र अनेकदा बनावट नसतं, जुनं असतं किंवा शेजारच्या जिल्ह्याचं असतं. मुलांना शिक्क्याऐवजी तीन जागा वाचायला लावा: वरचं जिल्ह्याचं नाव, जावक क्रमांकाजवळची तारीख, आणि मजकुरातले तालुके व सुट्टीचा दिवस. जालन्याच्या पत्राने परभणीची शाळा बंद राहत नाही. तारखेचा कोपरा कापलेला दिसला की पत्र तिथेच थांबवायचं आणि वर्गशिक्षकांना विचारायचं.

‘जायकवाडीचे सगळे दरवाजे उघडले’ हा व्हिडिओ जास्त धोक्याचा. धरणाला २७ दरवाजे. त्यातून पडणारं पाणी कुठल्याही वर्षी सारखंच दिसतं, त्यामुळे जुनी चित्रफीत सहज खपते. दोनदा फसलेलं गोदाकाठचं गाव तिसऱ्यांदा खऱ्या इशाऱ्यालाही हलत नाही. व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्समध्ये, म्हणजे फोटोवरून शोध घेणाऱ्या गुगलच्या सोयीत, टाका. जुन्या वर्षाची बातमी निघाली तर प्रश्नच मिटला. काहीच सापडलं नाही म्हणून मात्र तो ताजा ठरत नाही. तलाठ्यांना फोन करा. व्हॉट्सअॅपवरचा दुहेरी बाण मुलांना भारदस्त वाटतो. निरोप किमान पाच हातांतून फिरून आलाय, एवढाच त्याचा अर्थ.

घरात एकच फोन असेल तर अभ्यास आणि बँक दोन्ही त्याच्यावर. ‘लग्नपत्रिका’ नावाची फाइल येते, शेवटी ‘.एपीके’ (.apk) असतं. ती पत्रिका नसून अॅप असतं. मेसेज वाचायची परवानगी मिळाली की ओटीपी परस्पर भामट्यांकडे जातो. आजच सेटिंग्जमध्ये ‘अज्ञात अॅप इन्स्टॉल करा’ शोधा आणि तिथे व्हॉट्सअॅप व क्रोमची परवानगी बंद करा.

फाइल उघडलीच असेल तर पोरावर ओरडू नका. भीतीने त्याने दोन तास लपवलं तर खातं रिकामं होईल. आधी फ्लाइट मोड लावा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मग ते अॅप काढा. फोन रीसेट करायची घाई नको. आधी त्या चॅटचे आणि बँकेच्या मेसेजचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा, तक्रारीला तेच लागतात.