बारावीनंतर मुंबई विद्यापीठात प्रवेश: एका अर्जावर भागत नाही

बारावीचा निकाल लागला की आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत पाच-सहा मुलं लॅपटॉप घेऊन घरी येतात. त्यातलं एक तरी हमखास विचारतं, "विद्यापीठाचा फॉर्म भरला, आता कॉलेज कधी लागणार?" चूक त्या मुलाची नाही. मुंबई परिसरात अकरावीला एकच ऑनलाइन अर्ज होता, पसंतीक्रम भरला की यंत्रणाच कॉलेज देत होती. बीए, बीकॉम, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला तसं काही नाही. विद्यापीठाकडे फक्त नावनोंदणी होते. कॉलेज कुणी देत नाही, आपणच प्रत्येक कॉलेजात जाऊन किंवा त्याच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज करायचा. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

हे मार्गदर्शन मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांपुरतं आहे. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सात जिल्हे त्यात येतात.

पायरी 1: कागद निकालाच्या आधी जमवा

फॉर्म भरायला अर्धा तास लागतो, कागद मिळवायला महिना जातो. म्हणून परीक्षा संपल्यावर गावाला जायच्या आधी सेतू केंद्रात किंवा आपले सरकार केंद्रात एक चक्कर मारा.

आरक्षणातून अर्ज करणार असाल तर जातीचा दाखला लागेल. ओबीसी, विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) यांना त्याच्या जोडीला नॉन-क्रीमीलेयर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्रही लागतं. लोक इथेच अडकतात. नॉन-क्रीमीलेयरची मुदत 31 मार्चला संपते. अकरावीला काढलेलं प्रमाणपत्र फाइलमध्ये आहे म्हणून घरचे निर्धास्त असतात, आणि यादी लागल्यावर कळतं की ते मार्चमध्येच बाद झालंय. त्यावरची तारीख आजच बघा. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला तहसीलदार देतात, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा 8 लाख रुपये. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला वेगळा लागतो, तोही याच फेरीत काढून घ्या.

बाकी कागद नेहमीचे: दहावी-बारावीच्या मार्कशीट, लिव्हिंग सर्टिफिकेट, आधार, फोटो, सही. बारावीची छापील मार्कशीट निकालानंतर काही दिवसांनी कॉलेजात मिळते. तोवर ऑनलाइन निकालाची प्रिंट चालते. सीबीएसई, आयसीएसई किंवा गोवा बोर्डाच्या विद्यार्थ्यांना याशिवाय मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांना त्याची गरज नाही.

एक एबीसी आयडीही लागतो. डिजीलॉकरमध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधून हा बारा अंकी क्रमांक काढता येतो. तो काढताना आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव शेजारी ठेवून बघा. मार्कशीटवर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी. तो फरक एक वेळ चालेल, पण स्पेलिंग वेगळं असेल तर आधार दुरुस्त करायला सुट्टीतच वेळ मिळतो.

पायरी 2: कुठला कोर्स, आणि कोणत्या तुकडीत

बीएमएस, बीबीए (व्यवस्थापन) किंवा बीसीए (संगणक) डोक्यात असेल तर थांबा. 2024-25 पासून या अभ्यासक्रमांना राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा आहे आणि तिची नोंदणी बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी सुरू होते. सीईटी दिली नसेल तर त्या वाटेने सहसा जाता येत नाही. मात्र काही कॉलेजांनी त्याच धर्तीचा अभ्यासक्रम 'बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज' अशा नावाने सुरू केलाय, त्याला ही सीईटी नाही. नावं इतकी सारखी आहेत की गोंधळ होणारच. माहितीपुस्तिकेत पदवीचं पूर्ण नाव वाचूनच ठरवा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अनुदानाची, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत बीकॉमच्या अनुदानित (सरकारी अनुदान मिळणारी) आणि विनाअनुदानित अशा दोन्ही तुकड्या असू शकतात. पदवी तीच, परीक्षा तीच, फीमध्ये मात्र मोठा फरक. स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे संस्था स्वतःच्या पैशावर चालवते त्या कोर्सची फी तर आणखी वर जाते. नाव मोठं म्हणून आंधळेपणाने विनाअनुदानित तुकडी घेण्यापेक्षा जवळच्या कॉलेजातली अनुदानित जागा मला तरी शहाणपणाची वाटते. कर्जत-कसाऱ्याहून रोज दीड-दोन तास लोकल करून सकाळचं लेक्चर गाठायचं असेल तर हिशेब आणखी सरळ होतो.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पहिल्या वर्षाला मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे शब्द दिसतील. आत्ता काळजी मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची करा. तो विषय तुमच्या पसंतीच्या कॉलेजात आहे का, एवढं विचारा. तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स.

पायरी 3: विद्यापीठाची प्रवेशपूर्व नावनोंदणी

निकालानंतर लगेच विद्यापीठ वेळापत्रक जाहीर करतं. ते विद्यापीठाच्याच संकेतस्थळावर वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबू नका. मोबाइल क्रमांक आणि ईमेल विद्यार्थ्याचा स्वतःचा द्या. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल टाकला की पासवर्ड त्याच्याकडे राहतो आणि आपण त्याच्या दुकानाच्या वेळेवर.

नाव मार्कशीटवर आहे तसंच लिहा, आईचं नावही. प्रवर्ग निवडताना हातात दाखला असू द्या. फोटो आणि सही सांगितलेल्या आकारात बसवा. अर्जाची प्रिंट काढा आणि नोंदणी क्रमांक दोन ठिकाणी लिहून ठेवा. ज्या कॉलेजात अकरावी-बारावी केली तिथेच इनहाउस कोट्यातून पुढे जायचं असलं तरी ही नोंदणी चुकत नाही.

पायरी 4: प्रत्येक कॉलेजाला वेगळा अर्ज

आता खरं काम. मी मुलांना सांगते, कॉलेजं तीन गटांत लिहा: गेल्या वर्षीच्या कटऑफवरून जिथे मिळणं कठीण, जिथे मिळू शकतं आणि जिथे नक्की मिळेल. प्रत्येक गटात दोन तरी असू द्या. कटऑफ बघताना फक्त पहिल्या यादीचा बघू नका, शेवटच्या यादीपर्यंत तो कुठे उतरला ते बघा, आणि आपल्या प्रवर्गाचा बघा.

मुंबईत बरीच कॉलेजं भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक संस्थांची आहेत. तिथे मोठा वाटा त्या समाजाच्या मुलांसाठी राखीव असतो आणि राज्याचं जातीनिहाय आरक्षण लागू होत नाही. त्यामुळे सर्वसाधारण यादीसाठी उरणाऱ्या जागा थोड्या, हे धरूनच त्यांना गटात बसवा. रुईया, झेवियर्स, वझे-केळकर यांसारख्या स्वायत्त महाविद्यालयांचे अर्ज आणि तारखा त्यांच्या स्वतःच्या असतात, त्या वेगळ्या वहीत लिहा.

पायरी 5: यादी लागली की

गुणवत्ता याद्या साधारण तीन लागतात, आणि प्रत्येक यादीनंतर कागद तपासून फी भरायला मोजकेच दिवस मिळतात. त्या आठवड्यात कोकणात आंबे उतरवायला जायचा बेत असेल तर फोन आणि फाइल बरोबर ठेवा.

पहिल्या यादीत मधल्या गटातलं कॉलेज लागलं आणि वरच्या कॉलेजाची आशा दुसऱ्या यादीत आहे, मग काय करायचं? माझं मत सरळ आहे: लागलेली जागा फी भरून घ्या. मुदत गेली की त्या जागेवरचा हक्क जातो, पुढच्या यादीत नाव पुन्हा येईल असं धरू नका. गेल्या वर्षी शेजारचा एक मुलगा "दुसऱ्या यादीत बघू" म्हणत बसला. दुसरी यादी अर्ध्या टक्क्याने हुकली आणि पहिलीही हातची गेली. वरचं कॉलेज नंतर लागलंच तर आधीचा प्रवेश लेखी अर्ज देऊन रद्द करा आणि त्याची पोच घ्या. नुसतं जाणं बंद केलं म्हणून प्रवेश रद्द होत नाही, फीही परत येत नाही.

मूळ लिव्हिंग सर्टिफिकेट कॉलेजात जमा होतं. त्याआधी त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढून त्या साक्षांकित करून ठेवा.

पायरी 6: शिष्यवृत्ती

फीची पावती हातात आली की महाडीबीटीकडे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलकडे वळा. मागासवर्गीयांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती यांचे अर्ज तिथेच भरतात. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, म्हणून विद्यार्थ्याच्या नावचं खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन विचारा. अर्ज भरल्यावर त्याची प्रिंट कागदांसह कॉलेजच्या ऑफिसात द्यायची असते. ती न दिल्यामुळे अर्ज कॉलेजच्या पातळीवरच पडून राहिलेला मी दोनदा पाहिलाय, म्हणून दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून तो कुठवर पोहोचलाय ते बघत राहा.