इको-फ्रेंडली घर बांधायचंय? सोलर पॅनलचा विषय शेवटी काढा

घर बांधायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो पॅनल किती वॉटचे घेऊ, आणि माझं म्हणणं असं की हा प्रश्न अगदी शेवटी यायला पाहिजे. लंडनच्या दक्षिण भागात बेडझेड नावाची वसाहत आहे, २००२ साली पूर्ण झालेली, या विषयावर काहीही वाचायला घ्या, तिचं नाव येतंच. तिथे लाकडाच्या ढलप्या जाळून वीज आणि गरम पाणी देणारा प्लांट होता, सांडपाणी साफ करायची वेगळी यंत्रणा होती, दोन्ही काही वर्षांतच बंद झाली. कॅनडात ड्रेक लँडिंग म्हणून ५२ घरांची वसाहत, उन्हाळ्यातली उष्णता जमिनीत साठवून हिवाळ्यात घरं गरम करायची, २००७ पासून मस्त चाललं होतं, पण पार्ट जुने झाले आणि २०२४ मध्ये तेही आवरतं घेतलं. मशीन वाईट असतात असं नाही हां, पण जाड भिंत आणि बरोबर दिशेची खिडकी कधी सर्व्हिसिंगला येत नाही.

म्हणून सुरुवात उन्हापासून. मोबाईलच्या मॅपवर आपल्या प्लॉटचा अक्षांश बघा, तो ९० मधून वजा करा. आलेल्या आकड्यात २३.५ मिळवले की उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी भरदुपारी सूर्य किती अंश वर असतो ते कळतं, २३.५ वजा केले की हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवसाचं. समजा अक्षांश ४०, म्हणजे साधारण माद्रिद, तर उन्हाळ्यात ७३.५ आणि हिवाळ्यात २६.५. आता दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंटीमीटरचा छज्जा काढा, उन्हाळ्यात त्याची सावली जवळजवळ २ मीटर खाली येते म्हणजे अख्खी खिडकी सावलीत, आणि हिवाळ्यात जेमतेम ३० सेंटीमीटर, म्हणजे ऊन सरळ घरात. एक छज्जा दोन्ही ऋतू सांभाळतो आणि बटण दाबायचं काम नाही! दक्षिण गोलार्धात हेच गणित उत्तरेच्या भिंतीला लावा, आणि बेरीज ९० च्या वर गेली तर उन्हाळ्यात सूर्य पलीकडच्या बाजूला जातो, मग छज्जे दोन्हीकडे. पूर्व-पश्चिमेला मात्र छज्जा कितीही पुढे काढा, सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन खालून घुसतंच, तिथे खिडक्या लहान ठेवा नाहीतर झाड, जाळी, उभ्या पट्ट्या असं काहीतरी.

दुसरी गोष्ट, फोटो बघून घर उचलू नका, ते तसं का बांधलंय ते आधी बघा. इराणमधल्या याझदचे बादगीर, म्हणजे वारा पकडून खाली घरात सोडणारे उंच मनोरे, बघताक्षणी आवडतात. पण ते वाळवंट आहे, हवा कोरडी, खाली पाण्यावरून जाताना ती आणखी गार होते. दमट हवेत तसा मनोरा बांधला तर गारव्याचा भाग विसरा. जाड मातीच्या भिंतीचंही तेच, दुपारची उष्णता आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र होते आणि तोवर बाहेर गार झालेलं असतं, पण जिथे रात्रही उकडतेच तिथे ती भिंत नुसती तापून बसते. अशा ठिकाणी ग्लेन मर्कट यांनी ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला बांधलेलं मरिका-अल्डर्टन हाउस बघा, १९९४ चं. खांबांवर उचललेलं, खिडक्यांना काचच नाही, भिंतीचे फळ्यांचे भाग वर उचलले की आरपार वारा. एकदम हलकं घर!

रात्री गार होत असतील तर मातीचा विचार नक्की करा. वरची काळपट, मुळं असलेली माती बाजूला सारून खालची घ्या, काचेच्या बरणीत एक तृतीयांश भरा, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवा आणि ठेवून द्या, मधे हात लावू नका. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ तास-दोन तासांत, चिकणमाती बसायला दिवस जातो कधी कधी जास्तच. मग पट्टी लावून थर मोजा. ओलसर माती साच्यात ठोकून भिंत करायची असेल तर वाळू-खडी निम्म्याहून जास्त आणि चिकणमाती साधारण पाचवा हिस्सा असली की काम होतं. चिकणमाती फार झाली की वाळताना भेगा पडतात, कमी पडली की भिंत भुसभुशीत.

पावसाला घाबरून लोक मातीवर सिमेंटचा गिलावा चढवतात, हे करू नका, ओल आत अडकते आणि भिंत आतून कुजते, चुना किंवा मातीचाच गिलावा बरा. जोतं उंच ठेवा, वळचण लांब काढा. ऑस्ट्रियाच्या श्लिन्स गावात मार्टिन राउख यांनी २००८ मध्ये स्वतःचं घर मातीचं बांधलं, त्यात भिंतीवर ठराविक अंतरावर भाजलेल्या मातीच्या पट्ट्या बाहेर आलेल्या ठेवल्यात, खाली धावणारं पाणी त्या पट्टीवर अडतं, वेग मोडतो. थोडी माती झिजणार हे आधीच धरलेलं! विटाच वापरणार असाल तर लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली रॅट ट्रॅप पद्धत बघा, विटा कडेवर उभ्या लावतात, मधे पोकळी राहते, विटा साधारण चौथा हिस्सा कमी लागतात आणि पोकळीमुळे ऊनही अडतं.

छपरासाठी उदाहरण शाळेचं देतो, घराचं नाही, पण चालतंय. बुर्किना फासोच्या गांदो गावात फ्रान्सिस केरे यांची २००१ ची शाळा. खोलीवर विटांचं फटी ठेवलेलं छत, आणि त्याच्या वर लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर अधांतरी उचललेला पत्रा. पत्रा तापतो, पण मधल्या मोकळ्या जागेतून वारा ती उष्णता घेऊन जातो आणि खोलीतली गरम हवाही फटींतून वर ओढली जाते. घरी करायचं तर छपराच्या वर हातभर जागा सोडून दुसरं छप्पर, दोन्ही बाजू उघड्या, फक्त जाळी लावा नाहीतर पक्षी घरटी करतात.

थंड प्रदेशात गणित उलटं, वारा आत घ्यायचा नाही तर फटी बुजवायच्या. जर्मनीत डार्मश्टाटला १९९१ मध्ये पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे अगदी थोड्या हीटिंगवर गरम राहणारं घर, उभं राहिलं, त्याच्या स्टँडर्डमध्ये वर्षाला चौरस मीटरमागे १५ युनिटच्या आत हीटिंग बसवावं लागतं, आणि बाहेर जाणारी शिळी हवा आत येणाऱ्या ताज्या हवेला आपली उष्णता देऊन जाते. तुम्ही निदान एवढं करा, वारा सुटलेल्या दिवशी दारं-खिडक्या बंद करून उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर जिथे वाकडा होईल तिथे फट. खिडकीपेक्षा वायरच्या भोकांतून आणि भिंत-छपराच्या सांध्यातून जास्त सापडतात, हे बऱ्याच जणांना पटत नाही.

उभी जंगलं म्हणून मिलानचे २०१४ चे बोस्को व्हर्टिकाले टॉवर फेमस आहेत, दिसतात सुंदरच, पण एवढी माती आणि झाडं गॅलरीत पेलायला काँक्रीट जास्त लागतं, घराला ते सुचवणार नाही. झाड जमिनीत लावा.

आणि पॅनल? घरात वर्षभर राहा, मग बिलं बघून ठरवा, छज्जा आणि भिंत नीट असतील तर पहिल्यांदा वाटले होते त्यापेक्षा कमीच लागतील. फक्त बांधतानाच छपरापासून मेन बोर्डापर्यंत एक रिकामा पाइप टाकून ठेवा, नाहीतर एवढी मेहनतीने ठोकलेली भिंत वायरसाठी फोडावी लागेल.