मूल होत नाही म्हणून 'इम्युनिटी'चा इलाज सुरू करताय? या चुका टाळा

सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी दिवस राहत नाहीत, मग कोणीतरी सांगतं की बाईची इम्युनिटीच गर्भ धरू देत नाही, आणि सोयाबीनचे पैसे हातात आले की नागपूरच्या चकरा सुरू. थांबा जरा.

आधी 'सगळे' म्हणजे कोणते रिपोर्ट ते बघा. बाईच्या तपासण्यांची फाईल ही जाडजूड आणि नवऱ्याचा एकच कागद, तोही कसा, तर घरून डबीत नमुना घेऊन वणीहून एसटीत बसले आणि दोन तासांनी लॅबमध्ये दिला. तो एका तासाच्या आत पोचायला पाहिजे, नाहीतर शुक्राणू मंदावतात अन रिपोर्ट उगाच खराब येतो. 2 ते 7 दिवस संबंध टाळून लॅबमध्येच नमुना द्या, लाजायचं काहून?

दुसरं म्हणजे रक्तातल्या एनके सेलची, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पेशींची, महागडी टेस्ट. रक्तातल्या या पेशी वेगळ्या, गर्भाशयातल्या वेगळ्या, आणि गर्भाशयातल्या तर वार नीट रुजायला मदतच करतात, त्यामुळे रक्तातल्या आकड्यावरून आतलं काही कळत नाही. तरी त्याच आकड्यावर इम्युनिटी शांत करायला म्हणून इंट्रालिपिडचं पांढरं सलाईन लावतात. ते म्हणजे मुख्यतः सोयाबीनचंच तेल बरं का, आपणच पिकवायचं आणि आपणच पैसे मोजून शिरेतून घ्यायचं! नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचायची एलआयटी तर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, 2002 मध्येच संशोधनाच्या ट्रायलबाहेर थांबवायला लावली.

सगळ्यात भारी चूक इम्युनिटी दाबायला देतात त्या स्टेरॉईडची. आपल्याकडे गर्भनळीचा, गर्भाशयाचा टीबी काही दुर्मिळ नाही, आणि त्यात ना खोकला ना ताप, कधी पाळीत अंगावरून कमी जातं, कधी तेवढंही लक्षण नसतं, फक्त मूल होत नाही. अशात प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड सुरू केलं की प्रतिकारशक्ती दबते आणि झोपलेला टीबी उठू शकतो. म्हणून गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा, टीबीचं बघितलं का? शुगर असेल तर तेही सांगा. आधीच चालू असेल तर मनानं एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतील.

उलटी चूकही होते, इम्युनिटी 'वाढवायला' म्हणून गुळवेलीचा काढा, पावडर. थायरॉईडसारखा ऑटोइम्यून त्रास, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटलेली, असेल तर हे नको, गुळवेलीने लिव्हर बिघडल्याच्या केसेस आहेत.

मग इम्युनिटीचं काहीच खरं नाही का? आहे ना. गर्भ वारंवार पडत असेल तर अँटीफॉस्फोलिपिडची, म्हणजे रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटीबॉडीजची, तपासणी करायची, पॉझिटिव्ह आली तर किमान 12 आठवड्यांनी परत, तेव्हाही आली तर पुढच्या गरोदरपणात अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन ही गुठळ्या रोखणारी औषधं देतात, त्याला चांगला आधार आहे. टीएसएच ही थायरॉईडची तर स्वस्तातली टेस्ट आहे, ती करूनच घ्या. आणि खरोखरच कारण सापडलं नाही, तर आधी बीजवाढीच्या औषधासोबत आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं, ईश्रे या युरोपच्या संस्थेची 2023 ची गाईडलाईनही तेच सांगते.